पांढऱ्या सायकली

सार्वजनिक सायकल म्हटली की मला १९६५चे ॲमस्टरडॅम आठवते. ‘प्रोव्हो’ गटाच्या तरुणांनी काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. हवी त्याने न्यावी! पोलिसांनी त्या उचलल्या. कारण? बिनकुलपी सायकल म्हणजे चोरीला आमंत्रण. सर्वांचीच वस्तू चोरणार कोण, हे कुणी विचारले नसावे.

पण सायकलस्वाराचा जीव त्याने वाचणार नव्हताच. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली; त्यांत चारशेहून अधिक मुले. लेक गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला आणि ‘बालहत्या थांबवा’ म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद राहिल्या. वेगळ्या सायकलमार्गांना खरा जोर मिळाला तो त्यानंतर.

पुण्यात २०१७ साली भाड्याच्या सायकली आल्या, काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. सायकलमार्गांवर तेव्हाही दुचाक्या उभ्या असत.