छोट्या रेल्वेच्या शेजारचा रस्ता : प्रतिकृतीवर पांढरे पट्टे कसे रंगवावेत

रेल्वेची लहान प्रतिकृती उभारणाऱ्या हौशी मंडळींचे बहुतेक लक्ष इंजिने, डबे आणि रूळ यांवर केंद्रित झालेले असते. रुळांना समांतर जाणारा किंवा फाटकापाशी त्यांना छेदणारा रस्ता मात्र पुष्कळदा काळ्या रंगाचा एक सपाट पट्टा एवढाच उरतो. या रस्त्यावर योग्य मापाचे पट्टे रंगवले, तर सारी मांडणी विशिष्ट गावाची आणि विशिष्ट काळाची वाटू लागते.

रस्त्याच्या मध्यभागी रेषा आखण्याची पद्धत अमेरिकेतील मिशिगन राज्यात 1911 च्या सुमारास रूढ झाली. पादचाऱ्यांसाठीचे झेब्रा पट्टे ब्रिटनमध्ये 1951 मध्ये अधिकृतपणे अवतरले. भारतात अशा खुणांची मापे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 35 या संहितेत दिलेली असून ती 2015 मध्ये सुधारण्यात आली.

महाराष्ट्रातील वाचकांना या छंदाचे रूप पुण्यातील कोथरूड भागात पाहावयास मिळते. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय तेथे 1998 मध्ये सुरू झाले. धावत्या गाड्यांच्या भोवती रस्ते, उड्डाणपूल आणि सर्कस असलेले संपूर्ण शहरच त्यात साकारलेले आहे.

मापाचे गणित

एचओ या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात प्रत्येक वस्तू मूळ आकाराच्या 87 व्या हिश्शाची असते. साडेतीन मीटर रुंदीची एक मार्गिका त्यामुळे 40 मिलिमीटरची आणि दुपदरी रस्ता 80 मिलिमीटरचा होतो. प्रत्यक्षातील 10 सेंटिमीटर रुंदीची रेषा येथे जेमतेम 1.15 मिलिमीटर भरते. तीन मीटर लांबीचा तुटक पट्टा साडेचौतीस मिलिमीटरचा, तर झेब्रा पट्ट्यातील अर्ध्या मीटरची एक पट्टी पावणेसहा मिलिमीटरची होते. एन प्रमाणात, म्हणजे 160 व्या हिश्शात, तीच 10 सेंटिमीटरची रेषा सुमारे 0.6 मिलिमीटर एवढी बारीक होते. नवशिक्यांची रेषा बहुधा याच्या दुप्पट-तिप्पट जाड असते आणि तेथेच रस्ता खेळण्यातला दिसू लागतो.

भारतीय ब्रॉडगेज मार्ग 1,676 मिलिमीटर रुंदीचा आहे. एचओ प्रमाणात त्याची रुंदी 19 मिलिमीटरहून थोडी अधिक यावयास हवी. परंतु बाजारात मिळणारे तयार रूळ साडेसोळा मिलिमीटरचे असतात. रुळांबाबत ही तडजोड पत्करावी लागते. रस्ता आपण स्वतःच घडवत असल्याने त्याबाबत मात्र तशी सक्ती नाही.

बंगळुरूचा रस्ता कोणत्या काळातला?

बंगळुरू छावणी स्थानकापर्यंत रेल्वे 1864 मध्ये पोहोचली. त्या काळाचा देखावा असेल, तर रस्ता मातीचा दाखवावा. त्यावर पट्टे नकोत. ज्या मांडणीत मेट्रोचा उन्नत मार्ग आहे ती 2011 नंतरची, कारण शहरातील मेट्रो त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. बाह्य वर्तुळाकार मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका 2019 मध्ये आखण्यात आली. अलीकडे शहरातील अनेक रस्त्यांवर काँक्रीटचा थर देण्यात आला आहे. अशा रस्त्यासाठी फिकट राखाडी रंग घ्यावा आणि त्यावरील पांढरे पट्टे थोडे अंधुकच ठेवावेत.

परदेशी बनावटीच्या तयार खुणा वापरताना सावध राहावे. अमेरिकी संचांतील सर्वच खुणा भारतीय रस्त्याशी जुळतील असे नाही. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने धावतात, याचेही बाण काढताना भान हवे.

रंगवण्याची रीत

रस्त्याचा पाया पातळ पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा घ्यावा. निव्वळ काळा रंग टाळून राखाडी छटेचा ॲक्रिलिक रंग द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. पावसाळ्याच्या दमट दिवसांत एक रात्र थांबणे श्रेयस्कर. त्यानंतर पेन्सिलीने मध्यरेषा आखून तिच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावावी व तिची कडा नखाने दाबून बसवावी. प्रथम टेपच्या कडेवर रस्त्याच्याच राखाडी रंगाचा हात फिरवावा. कडेखालच्या फटी त्या रंगाने भरून जातात आणि नंतर दिलेला पांढरा रंग आत झिरपत नाही. पांढऱ्या रंगाचे दोन पातळ थर द्यावेत. दुसरा किंचित ओला असतानाच टेप हळुवारपणे तिरकी ओढून काढावी.

ताजा पांढरा रंग फार झगझगीत दिसतो. बारीक पॉलिश पेपरने, जेथून चाके जातात तेथेच, तो थोडा घासावा. वळणावर आणि फाटकाजवळ पट्टे अधिक झिजलेले दाखवावेत. शेवटी चमक नसलेले वॉर्निश लावावे.

फाटकापाशी

रस्ता रुळांना भेटतो तेथे खुणांचा अर्थ सर्वाधिक महत्त्वाचा असतो. फाटकाजवळ येताना मध्यरेषा अखंड असावी, कारण तेथे पुढच्या वाहनाला ओलांडणे धोक्याचे असते. थांबरेषा फाटकाच्या अलीकडे आणि केवळ डाव्या अर्ध्या भागात काढावी. दोन्ही बाजूंच्या वाहनांनी सारा रस्ता अडवला, तर फाटक उघडताच समोरासमोर कोंडी होते आणि वाहने रुळांवरच अडकून पडतात, हे आपल्या नित्य अनुभवाचे आहे.

भारतीय रेल्वेने ब्रॉडगेजवरील मानवरहित फाटके जानेवारी 2019 अखेर संपुष्टात आणली. पहारेकरी नसलेले फाटक ब्रॉडगेज मार्गावर दाखवायचे असेल, तर देखावा त्यापूर्वीचा असला पाहिजे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 131 नुसार अशा फाटकापाशी वाहन थांबवून गाडी येत नसल्याची खात्री करून घेणे चालकावर बंधनकारक आहे.

प्रतिकृतीपाशी सर्वाधिक वेळ लहान मुलेच रेंगाळतात. एक मिलिमीटर रुंदीची अखंड रेषा आणि तिच्यापुढे थांबलेली इवलीशी बस त्यांनी नीट पाहिली, तर मोठ्या रस्त्यावरील त्याच रेषेचा अर्थ त्यांना निराळा शिकवावा लागणार नाही.