मनोरा यारी आणि भाटघरचे धरण

मनोरा यारी : बांधकामाच्या जागी उभारलेल्या पोलादी मनोऱ्याच्या माथ्यावर आडवा बाहू बसवून त्याच्या साहाय्याने जड वस्तू उचलणारे, फिरविणारे व इष्ट स्थळी ठेवणारे यंत्र. विसाव्या शतकाच्या प्रारंभी जर्मनीत अशा याऱ्या प्रचारात येऊ लागल्या. 1949 मध्ये हान्स लीबहेर यांनी सहज हलविता व जुळविता येणारी मनोरा यारी तयार केली आणि त्यानंतर तिचा प्रसार झपाट्याने झाला. या प्रसारापूर्वीच्या महाकाय बांधकामांचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे भाटघरचे धरण होय.

पुणे जिल्ह्यातील भोरजवळ, नीरेची उपनदी वेळवंडी हिच्यावर हे धरण आहे. नीरा कालव्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे बांधलेले व्हाइटिंग धरण वाढत्या मागणीस अपुरे पडू लागल्याने खालच्या बाजूस नवे दगडी धरण बांधण्यात आले. मुंबईचे गव्हर्नर (1918–23) सर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्यास देण्यात आले व 1928 मध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. धरणाची लांबी 1,625 मी. व उंची सु. 58 मी. असून त्यात सु. 2 कोटी 15 लाख घनफूट दगडी बांधकाम आहे. याचे वजन सु. 14 लाख टन भरते.

एवढे वजन रचता येणे दगडी बांधकामाच्या स्वरूपामुळे शक्य होते. दगड हव्या त्या आकाराचा फोडता येतो; त्यामुळे एकूण भार लहानलहान ओझ्यांत विभागला जातो व अनेक ठिकाणी एकाच वेळी काम चालू ठेवता येते. मात्र त्यासाठी मनुष्यबळ व काळ दोन्ही विपुल लागतात. काँक्रीटची गोष्ट निराळी आहे. तयार झालेले काँक्रीट घट्ट होऊ लागण्यापूर्वी जागेवर पडावे लागते. म्हणून तेथे भार किती व किती वेगाने उचलता येतो, यावरच कामाची गती ठरते. काँक्रीटच्या वाढत्या वापराबरोबर यारीचे महत्त्व वाढले, त्याचे एक प्रमुख कारण हे आहे.

यारीचा मनोरा काँक्रीटच्या पायात घट्ट बसविलेला असतो. त्याच्या माथ्यावरील फिरत्या कड्याच्या एका बाजूस लांब बाहू व दुसऱ्या बाजूस आखूड बाहू असतो. लांब बाहूवरून आकडा धारण करणारी गाडी पुढेमागे सरकते, तर आखूड बाहूवर काँक्रीटचे ठोकळे प्रतिभार म्हणून ठेवतात. भार व त्याचे मनोऱ्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार म्हणजे परिबल. 10 मी. अंतरावरील 10 टन व 50 मी. अंतरावरील 2 टन यांचे परिबल सारखेच असते. म्हणून बाहूच्या टोकाकडे यारीची क्षमता झपाट्याने घटते. इमारत वाढत जाते तशी यारीही वाढविता येते : जलीय दाबयंत्राने माथ्याचा भाग वर उचलून त्याखाली मनोऱ्याचा नवा खंड बसवितात.

हेच तत्त्व धरणातही आढळते. भाटघरचे धरण गुरुत्व प्रकारचे आहे. जलाशयातील पाण्याचा दाब धरणास खालच्या बाजूच्या पायथ्याभोवती उलथवू पाहतो, तर धरणाचे वजन त्यास विरोध करते. धरणावरील 45 स्वयंचलित दरवाजांच्या मागेही तोलाचेच तत्त्व आहे : या प्रकारच्या दरवाजांत दरवाजा व प्रतिभार यांचा तोल पाण्याच्या पातळीनुसार बदलतो आणि मनुष्याच्या मदतीवाचून दरवाजा हलतो. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी अभिकल्पिलेले स्वयंचलित दरवाजे 1903 मध्ये खडकवासला येथे प्रथम बसविण्यात आले होते.

फरक आहे तो स्थैर्याच्या कालावधीत. धरणाचा तोल अभिकल्पातच निश्चित होतो व वजन कायम तेथेच राहते. यारीचा तोल मात्र प्रत्येक उचलीबरोबर बदलतो : भार नसताना प्रतिभार तिला मागे ओढतो, भार येताच ती पुढे ओढली जाते. म्हणून अतिभार होताच उचल थांबविणारे नियामक तिच्यावर बसवितात व काम संपल्यावर बाहू वाऱ्याबरोबर फिरण्यास मोकळा ठेवतात. अशी व्यवस्था नसल्यास वा तिच्याकडे दुर्लक्ष झाल्यास खाली काम करणाऱ्यांच्या जिवास धोका निर्माण होतो.