हिवाळ्यातील जुन्या घरांची छायाचित्रे (नंदुरबार)

नंदुरबार, शहादा, तळोदा या गावांच्या जुन्या वस्तीतील घरांची, साधारणपणे कार्तिक ते माघ या काळात टिपलेली छायाचित्रे. युरोपातील जुन्या छायाचित्रात छपरावरचा बर्फ पाहताच ऋतू कळतो. नंदुरबार शहरात ती सोय नाही. दव गोठते तेही सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातील डाबसारख्या उंचावरच्या गावांत. त्यामुळे येथील घराच्या छायाचित्राचा ऋतू सांगणारा सर्वांत भरवशाचा पुरावा भिंतीवरची सावली हाच ठरतो. शहर सुमारे २१° २२′ उत्तर अक्षांशावर असल्याने डिसेंबरअखेर मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५° वर चढतो. जूनअखेर तो जवळजवळ डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेला असतो. म्हणून दक्षिणाभिमुख घराची वळचण दोन फूट पुढे आलेली असेल, तर डिसेंबरात भर दुपारी तिची सावली भिंतीवर सुमारे दोनच फूट उतरते आणि खालची सागवानी चौकट, ओटा, लिंपणाच्या भेगा उन्हात स्पष्ट दिसतात. जूनमध्ये त्याच वेळी ती भिंत सावलीत असते.

मार्चमध्ये सकाळी नऊनंतरही सूर्य डिसेंबरातल्या मध्यान्हीइतक्याच उंचीवर येतो, मग सावलीवर विसंबायचे कसे, असा आक्षेप घेता येईल. तो रास्त आहे, पण निर्णायक नाही; कारण त्या वेळी ऊन पूर्वेकडून येते आणि ओट्यावरच्या खांबाची सावली पश्चिमेकडे कलते. घराचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक असेल, तर दोन्ही वेळा वेगळ्या काढता येतात. मात्र नोव्हेंबर आणि जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यांतली सावली जवळपास सारखीच पडते. वर्ष तर सावली कधीच सांगत नाही. त्यासाठी विजेचे खांब, दुकानांच्या पाट्या आणि कागदाचा प्रकार पाहावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : अशा संग्रहांत हिवाळा जास्त दिसणे हा शहराचा नव्हे, तर छायाचित्रकाराच्या सोयीचा पुरावा असू शकतो. १८५१ मध्ये पुढे आलेल्या कलोडियन पद्धतीत काच ओली असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे, आणि उन्हाळ्यात ती पाहता पाहता सुके. सरकारी अधिकाऱ्यांचे दौरेही थंडीतच निघत. परिणामी घर दिसते ते कोरडे आणि ठणठणीत. धाब्याच्या मातीच्या छपराची खरी परीक्षा पावसात होते. ती या चित्रांत येतच नाही. तेव्हा घराची रचना समजून घेण्यास ही छायाचित्रे उत्तम साधन आहेत, पण घर किती टिकाऊ होते याबाबत त्यांची साक्ष अपुरी आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला. त्यामुळे त्याआधीच्या छायाचित्रांचा शोध घेताना ‘खानदेश’, १९०६ नंतरचा ‘पश्चिम खानदेश’ आणि ‘धुळे’ ही नावेही तपासावीत.