यात्रेकरूचा भात

गंगापूर रोडने पश्चिमेस गिरणारे ओलांडून त्र्यंबक तालुक्याकडे गेले, की भाताची खाचरे दिसू लागतात. ती पाहिली की आम्हांस स्पेनमधील व्हॅलेन्सियाची भातशेती आठवते. अरबांनी तेथे रुजवलेल्या या पिकातून पुढे पाएला जन्मास आला. पसरट कढईचेच नाव त्या पदार्थास मिळाले. थोरल्या संत याकोबाच्या कबरीकडे, सांतियागोस, पायी जाणारे यात्रेकरू आज वाटेत उत्तम पाएला शोधतात. परंतु व्हॅलेन्सिया पूर्व किनाऱ्यावर आहे आणि मुख्य यात्रामार्ग उत्तर स्पेनमधून जातो. बाराव्या शतकातील यात्रा-मार्गदर्शिकेने एस्तेया गावचा पाव व द्राक्षारस वाखाणला आहे; स्पेनमधील मासे व मांस परदेशीयांना बाधते, असा इशाराही तीत आहे. पाएलाची कीर्ती फार नंतरची.

पोर्तुगीजांचा 'आरोझ' हा शब्दही मूळ अरबीच. गोव्यातील आपल्या बांधवांच्या घरी त्याच नावाचा भात शिजतो. भात जेथे गेला, तेथला झाला.

फेब्रुवारीत नाशिक रोडच्या बाळ येशूच्या दर्शनास दूरदूरचे भाविक येतात. त्यांच्या पुढ्यात आम्ही आमच्याच खाचरांतला भात वाढावा. यात्रेकरूस वाटेने द्यावयाचे ते हेच.