साल ठरायचं तो दिवस

मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे हे शेतीवर जगणारं गाव. वऱ्हाड-खानदेशाच्या या पट्ट्यात सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतीकामाला गडी, ठेवण्याची रीत जुनी. पाडवा किंवा आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की वर्षाची बोली व्हायची: रोख किती, ज्वारी किती. उचल (आगाऊ रक्कम) घेतली की साल पक्कं.

बोलण्यातही फरक आहे: सालदार 'ठेवतात', 'आवतण' म्हणजे आमंत्रण मात्र मानाचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळून (खांदेमळणी) हे आवतण त्यांनाही देतात.

जपानीतही कामावर ठेवणं 'यातोउ', तर पाहुण्याला बोलावणं 'मानेकु'. जपानमध्ये एदो काळात सालाचे नोकर वसंतात बदलत. त्या दिवसाला 'देगावारी' म्हणत.

इकडे उचल फिटली नाही, तर सालदार पुढच्या सालालाही अडकायचा. कर्जापोटीच्या अशा बांधिलकीवर 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने बंदी घातली.