ठाणे : प्रेक्षणीय स्थळे
खाडीकाठचे ‘तलावांचे शहर’. मासुंदा तलावावर, म्हणजे लोकांच्या तलावपाळीवर, संध्याकाळी नौकाविहाराला आणि भेळ-पाणीपुरीला झुंबड उडते. काठावर कोपिनेश्वराचे देऊळ आहे. सर्वांत रंजक वास्तू मात्र पर्यटकाला बाहेरूनच पाहावी लागते. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथूनच निसटले, तर १९१० मध्ये क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना येथे फाशी झाली. आजही ते मध्यवर्ती कारागृहच आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. पावसाळ्यात तिथे गर्दी जरा जास्तच होते. हिवाळ्यात खाडीतल्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात. कल्याणचा दुर्गाडी किल्लाही याच फेरीत पाहता येतो.