दोनदा उगवलेला सूर्य

२०१९ च्या फेब्रुवारीत पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते थेट जुलैपर्यंत. त्या दिवसांत माझी पुतणी दिल्लीहून लंडनला गेली. पोचल्यावर फोनवर म्हणाली, "काका, लांबून वळसा घालून आणलं हो!" मला मात्र त्या वळशावरून १९४३ साल आठवलं.

युद्धापूर्वी सिडनीहून इंग्लंडला उडत्या बोटी जात. सिंगापूर, कलकत्ता, कराची असे टप्पे घेत. वाटेत आपलं ग्वाल्हेरसुद्धा लागे. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि ही साखळी मधेच तुटली. आता ऑस्ट्रेलियाची टपाल आणि माणसं इंग्लंडकडे न्यायची कशी?

नकाशात उरला होता फक्त हिंदी महासागर. पर्थहून श्रीलंकेतल्या कोग्गला सरोवरापर्यंत सुमारे ५,६०० किलोमीटर, मधे उतरायची सोय नाही. क्वांटासने जुलै १९४३ मध्ये कॅटलिना जातीच्या उडत्या बोटी या वाटेवर घातल्या. जादा टाक्या बसवल्या, अनावश्यक सामान काढून टाकलं. इंधनाचंच ओझं इतकं, की प्रवासी जेमतेम तीन आणि टपाल ६९ किलो! सुरुवातीच्या तासांत एक इंजिन बंद पडलं असतं, तर खाली समुद्रच होता.

निघायची वेळ अशी धरत, की जपानी विमानांच्या टापूतला भाग रात्रीच्या काळोखात पार व्हावा. रेडिओ बंद. दिशा ओळखायची ती ताऱ्यांवरून. आणि बोटींची नावंही ताऱ्यांचीच: अल्टेर, व्हेगा, रायगेल, अँटारेस, स्पायका. म्हणजे आपले श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा, चित्रा. (वर्गात नक्षत्रं पाठ करून घेताना ही गोष्ट मला ठाऊक असती, तर मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी राहिली असती.)

हा प्रवास सत्तावीस ते तेहतीस तासांचा. त्यामुळे एकाच फेरीत सूर्य दोनदा उगवताना दिसे. प्रवाशांना 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा'चं प्रमाणपत्र मिळायचं. त्या जिवावरच्या वाटेवरही कुणाला थट्टा सुचली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जुलै १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या. एकही विमान गेलं नाही, एकही माणूस गेला नाही. विमानं अमेरिकेची, उसनवारीच्या करारावर आलेली. त्या करारापायी युद्धानंतर ती समुद्रात नेऊन बुडवून टाकली. ज्या पाण्यावरून ती इतक्या वेळा सुखरूप पार झाली, त्यातल्या बहुतेकांना त्याच पाण्यात, पर्थजवळ, तळ गाठावा लागला.